‘लेकरू कुठं मोजतात?’

शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही तालुक्याच्या चौकात उभं राहून बघा. बाबा गाडी चालवतायत, थोरला पेट्रोलच्या टाकीवर, मागे आई एका बाजूला पाय सोडून आणि तिच्या मांडीवर धाकटी. एका गाडीवर चौघं! कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं, ‘‘अहो, लेकरू कुठं मोजतात?’’

मैत्रिणींनो, कायदा मोजतो. मोटार वाहन कायद्याचं १२८वं कलम सांगतं, चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस, तोही पक्क्या सीटवर. पोराबाळांना त्यात सूट नाही. २०२३ साली केरळमधून तशी सवलत मागितली गेली होती, केंद्राने ती नाकारली. दंड एक हजार रुपये आणि तीन महिने गाडी चालवायला मनाई, अशी २०१९च्या दुरुस्तीत तरतूद आहे. हेल्मेट नसेल तरी तेवढीच. आणि चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे बरं का!

त्याहून लहानांचं काय? त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम निघाला आणि वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल गाडीवर असेल तर त्याला हेल्मेट हवं (सायकलचं प्रमाणित हेल्मेटही चालतं), वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा आणि मूल चालवणाऱ्याला पट्ट्यांनी बांधलेलं हवं. हा पट्टा म्हणजे मुलाला घालायचं जाकीट. त्याचे बंद चालवणाऱ्याने दप्तरासारखे खांद्यात अडकवायचे. तीस किलो वजन पेलेल इतका तो मजबूत असावा लागतो. पाठीशी बाळ बांधलेली झाशीची राणी आपण पुतळ्यात बघतो ना, काहीसं तसंच. मात्र ओढणीने बांधलं म्हणजे काम झालं, असं नाही हं. ओढणी सुटते, सरकते, चाकातही जाते.

स्कूटीवर पुढे उभं केलेलं मूल ‘डोळ्यासमोर’ असतं म्हणून आपल्याला सुरक्षित वाटतं. पण ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर पळते. कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला, की गाडी थांबते आणि मूल त्याच वेगाने हँडलवर आदळतं. मांडीवरचं बाळ आईच्या हातात राहील, हाही भ्रमच. तिलाच तेव्हा धरायला काही नसतं.

हेल्मेट घेताना एक सवय सोडावी लागेल. फ्रॉक आपण वाढत्या अंगाचा घेतो, हेल्मेट तसं घ्यायचं नाही. भुवयांच्या वर दोन बोटं टेप फिरवून माप घ्या. हेल्मेट घातल्यावर मुलाला मान हलवायला सांगा. ते गरगर फिरलं तर उपयोगाचं नाही. हनुवटीचा पट्टा लावायचाच. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यात उडून जातं.

आता खरी अडचण. बाळ चालवणाऱ्याला बांधलं की एक अधिक एक झाले, मग आईने बसायचं कुठं? कायद्याचं उत्तर सरळ आहे. त्या गाडीवर तिला जागा नाही. नियम लिहिताना हा विचार कुणी केला की नाही, देव जाणे! घरात एकच गाडी असणाऱ्यांना हे महागात पडतं, मान्य. पण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय. लग्नकार्याला, माहेरी जायचं असेल तर ‘हे’ गाडीवरून येऊ देत. आपण बाळाला घेऊन एसटीने निघावं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला तर गाडीवर घेऊच नये. त्याची मान धरलेली असली तरी हेल्मेटचा भार पेलण्याइतकी ती पक्की नसते.