हिशेब ठेवावा कोठे?

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि अनेक लहान व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावणीची जागा संगणकाने घेतली. आता त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. 'टॅली'सारखी प्रणाली दुकानातील संगणकावर बसविली जाते. 'झोहो बुक्स'सारखी इंटरनेटवरून चालते व हिशेब सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर राहतो.

पहिल्या पद्धतीत इंटरनेट खंडित झाले तरी बिले निघतात. मात्र संगणक बिघडला आणि नोंदींची प्रत काढलेली नसली, तर वर्षाची मेहनत वाया जाते. आणि प्रत काढण्याचे काम नेमके उद्यावर ढकलले जाते! दुसरीत ही चिंता कमी. कर सल्लागारालाही आपल्या कार्यालयातून नोंदी पाहता येतात. परंतु वर्गणी थांबल्यास जुन्या नोंदींची वाट अडू शकते.

ही बाब किरकोळ नव्हे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी म्हणून नोंदणी असल्यास १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारी प्रणालीच वापरावी लागते. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी, सर्व नोंदी आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात काय, हे व्यापाऱ्याने प्रत्यक्ष करून पाहावे.