लहान नगरपालिका आणि सामायिक संरक्षण

आग नगरपालिकेची हद्द ओळखीत नाहीं, आणि चोरही शिवेचा दगड पाहून मागें फिरत नाहीं. असें असतां शेजारशेजारच्या लहान शहरांनीं आपापला बंब, आपापली गस्त व आपापला हिशेब सांभाळून एकमेकांकडे पाठ करून बसावें, ही रीत जगांत पुष्कळ ठिकाणीं चालत आलेली आहे. ती किती महाग पडते हें शांततेच्या दिवसांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आणि ज्या दिवशीं येतें, त्या दिवशीं उपाय हातीं उरत नाहीं. म्हणून ज्यांचें भांडवल गुदामांत व दुकानांत गुंतलेलें आहे अशा आमच्या व्यापारी वाचकांपुढें, आणि करदाते या नात्यानें सर्वच नागरिकांपुढें, हा विषय आज आम्ही मुद्दाम मांडीत आहों.

प्रथम एका मोठ्या शहराची हकीकत ऐकावी. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं, रविवारीं, कापडाच्या एका घाऊक पेढीच्या इमारतींत आग लागली. वारा जोराचा होता. आग व्यापारी पेठेंत पसरली. तारा गेल्या, आणि वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आदि शहरांचे बंब आगगाडीनें धांवून आले. शेजारधर्मांत कोणी कसूर केली नाहीं. परंतु आलेल्या पुष्कळ बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यांतील पाण्याच्या नळांस बसेनात! प्रत्येक शहरानें आपल्या मर्जीप्रमाणें आटे पाडून घेतलेले. पाणी जमिनीखालीं, बंब जमिनीवर, माणसें हात जोडून उभीं, आणि मध्यें बोटभर पितळेचा फरक. सुमारें तीस तासांत पंधराशेंहून अधिक इमारती जळाल्या व सुमारें अडीच हजार पेढ्यांचा व्यवहार उद्ध्वस्त झाला. सारा दोष आट्यांचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. वाऱ्याचाही वांटा मोठा होता. पण वारा मनुष्याच्या हातचा नव्हता, आटे होते.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९०५ साली, तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेनें साऱ्या देशासाठीं एकच माप ठरविलें. येथें गोष्ट संपावयास हवी होती, पण ती संपली नाहीं. २० ऑक्टोबर १९९१ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहराच्या टेकड्यांवर वणवा पेटला. शेजारच्या शहरांचे बंब मदतीस आले, तों ओकलंडच्या नळांचें तोंड तीन इंची आणि पाहुण्यांच्या नळ्या अडीच इंची! जोडणीचे तुकडे पुरेसे हातीं नव्हते. त्या वणव्यांत पंचवीस माणसें मृत्युमुखीं पडलीं व तीन हजारांवर घरें गेलीं. बाल्टिमोरच्या आगीस शंभर वर्षें पूर्ण झालीं तेव्हां तेथील सरकारी शास्त्रीय संस्थेनें अठ्ठेचाळीस मोठ्या शहरांची पाहणी केली. त्यांपैकीं अवघ्या अठरा शहरांत तें राष्ट्रीय माप रूढ झालेलें आढळलें. ठराव पास करणें सोपें, तो जमिनींत पुरलेल्या नळापर्यंत पोंचविणें कठीण, हें केवळ आपल्याच देशाचें वैशिष्ट्य नव्हे एवढें समाधान मानावयाचें असल्यास वाचकांनीं खुशाल मानावें.

ब्रिटनची गोष्ट याहून निराळी, पण बोध तोच. १९३८ च्या कायद्यानें तेथील स्थानिक संस्थांवर आगीचा बंदोबस्त ठेवण्याची सक्ती झाली, आणि लहानमोठीं मिळून सुमारें सोळाशें निरनिराळीं अग्निशामक दळें देशांत नांदत होतीं. साधनें निराळीं, हुद्दे निराळे, हुकुमाचे शब्ददेखील निराळे. महायुद्धांत बाँबचा वर्षाव सुरू झाल्यावर ही व्यवस्था टिकेना. १९४१ सालीं सरकारनें सर्व दळें एकत्र करून एकच राष्ट्रीय सेवा उभी केली. १९४८ सालीं ती पुन्हां स्थानिक संस्थांकडे सोंपविली गेली, परंतु लहान गांवांकडे नव्हे, तर जिल्हे व मोठीं शहरें यांच्याकडे. जें लहान संस्थांनीं आपण होऊन, सवडीनें, आपल्या अटींवर केलें असतें, तें युद्धाच्या धामधुमींत वरून लादलें गेलें. आणि एकदां हातचें गेलेलें पुन्हां मिळालें नाहीं. स्थानिक स्वराज्याच्या अभिमान्यांनीं हें उदाहरण विशेष लक्षांत ठेवावें.

मग सामायिक व्यवस्था करावयाची ती कोणत्या रीतीनें? दोन रीती पाहण्यासारख्या आहेत, आणि दोन्ही पोलिसांच्या बाबतींतल्या आहेत. कारण अमेरिकेंत पोलीस हें बहुधा प्रत्येक नगराचें आपापलें असतें.

पहिली रीत कराराची. लॉस एंजेलिसजवळ लेकवूड नांवाची नवी वसाहत उभी राहिली. शेजारचें लाँग बीच शहर ती आपल्यांत सामील करून घेईल अशी भीति रहिवाशांस वाटूं लागली. १९५४ सालीं त्यांनीं मत देऊन आपली स्वतंत्र नगरपालिका स्थापिली. पण पोलीस खातें काढलें नाहीं कीं बंबखातें काढलें नाहीं. गस्त काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, शेरीफकडून करारानें विकत घेतली, आणि आगीचा बंदोबस्त काउंटीच्याच दळाकडे राहूं दिला. नगर स्वतंत्र, चाकरी भाड्याची. आज त्या काउंटींत चाळीसांहून अधिक नगरें शेरीफकडून अशाच प्रकारें पोलीससेवा घेतात. व्यापारी मनुष्यास ही रीत समजावून सांगण्याची गरज नाहीं. प्रत्येक दुकानदार आपली स्वतःची मालमोटार ठेवीत नाहीं. तो माल पोंचविण्याचा ठराव करितो, आणि माल वेळेवर पोंचला नाहीं तर जाब विचारितो.

दुसरी रीत भागीदारीची. पेन्सिल्व्हेनिया राज्यांत अडीच हजारांहून अधिक लहानमोठ्या नगरसंस्था आहेत; त्यांपैकीं पुष्कळांस स्वतःचें पोलीसदळ परवडत नाहीं. तेथील यॉर्क काउंटीच्या उत्तर भागांतील कांहीं संस्थांनीं १९७२ सालीं एकत्र येऊन एकच प्रादेशिक पोलीसदळ निर्माण केलें. त्याच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळांत सभासद संस्थांचे प्रतिनिधी बसतात, आणि ज्या गांवास जितकी गस्त हवी तितक्या गस्तीचा पैसा तें भरतें. येथें कोणी मालक नाहीं व कोणी गिऱ्हाईक नाहीं, सगळे भागीदार.

परंतु 'मोठें तेवढें चांगलें' असा उतावळा निष्कर्ष कोणी काढूं नये. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींनीं १९७० च्या सुमारास इंडियानापोलिस शहराच्या आसपासच्या तीन लहान नगरांचे पोलीस आणि त्यांना लागून असलेल्या, तशाच वस्तीच्या, शहरी भागांचे पोलीस यांची तुलना केली. लहान दळांच्या टापूंतील नागरिक अधिक समाधानी आढळले. मदत लवकर येते असा त्यांचा अनुभव होता. पुढें याहून विस्तृत संशोधनांतही नित्याच्या गस्तीच्या कामांत लहान दळें मोठ्यांहून कमी ठरलीं नाहींत. मात्र प्रयोगशाळा, शिक्षण, संदेशकेंद्र यांसारखीं खर्चिक कामें मोठ्या प्रमाणावर एकत्र केल्यानेंच परवडतात असें दिसून आलें. याच बाईंस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या संशोधनाचें सार आमच्या मतें असें कीं, जें काम गल्लीबोळाची ओळख असल्यावांचून होत नाहीं तें गांवाकडेच राहूं द्यावें, आणि जें काम महाग यंत्र व दुर्मिळ कसब यांवांचून होत नाहीं तें शेजाऱ्यांनीं मिळून करावें.

आतां आपल्याकडे वळूं. पोलीस हा आपल्या राज्यघटनेप्रमाणें राज्याचा विषय असल्यामुळें तो प्रश्न महाराष्ट्रांतील नगरपालिकांपुढें या स्वरूपांत उभाच राहत नाहीं. आगीचें तसें नाहीं. १ जून १९९३ पासून अंमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें जें बारावें परिशिष्ट जोडलें, त्यांतील अठरा विषयांत अग्निशमन सेवा स्पष्टपणें नमूद आहे. 'क' वर्गाच्या नगरपालिकेची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आंत. नगरपंचायतीची त्याहूनही थोडी. अशा संस्थेनें एकटीनें चोवीस तास तीन पाळ्यांचीं शिकलेलीं माणसें, उंच शिडी, तेलाच्या आगीवर फेस टाकणारा बंब, धुरांत शिरण्याचीं साधनें, हें सर्व बाळगावें अशी अपेक्षा करणें म्हणजे किरकोळ दुकानदारानें टांकसाळ चालवावी असें म्हणण्यासारखें आहे. सरकी, गूळ, तेल, कापूस यांचीं गुदामें मात्र गांव लहान म्हणून कमी पेट घेत नाहींत.

कोणी म्हणेल, "आमच्या कराच्या पैशानें शेजारच्या गांवची आग कां विझवावी?" त्यांस आमचें उत्तर असें कीं, उद्यां तुमची आग त्यांच्या पैशानें विझावी म्हणून. दुसरा म्हणेल, "एकच बंब दोन गांवांत ठेवला आणि तो नेमका दुसरीकडे गेला तर?" हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच पहिला बंब ज्या त्या गांवांतच राहिला पाहिजे असा आमचा आग्रह आहे. सामायिक करावयाचा तो दुसरा व तिसरा बंब, महाग साधनें, शिक्षण आणि निरोपाचें केंद्र. तिसरा म्हणेल, "मोठें गांव लहानास गिळील." ही भीति तर लेकवूडकरांसही होती, पण त्यांनीं सेवा घेतली ती आपलें स्वातंत्र्य राखण्यासाठींच. गिळतें तें गांव ज्याच्याजवळ लेखी करार नसतो.

तो करार कसा असावा? खर्चाची वांटणी आगाऊ ठरलेली असावी. अर्धी लोकसंख्येवर व अर्धी मिळकतींच्या आकारणीवर ठेवली तर कोणास फारशी तक्रार उरणार नाहीं. आगीच्या जागीं हुकूम कोणाचा चालेल हें अगोदर लिहिलेलें असावें, कारण जळत्या घरापुढें दोन अधिकाऱ्यांचा वाद होणें ही दुसरी आग होय. देखरेखीच्या समितींत लहान गांवासही बरोबरीची जागा असावी. दरवर्षींचा हिशेब, वर्दी मिळाल्यापासून बंब पोंचेपर्यंत लागलेल्या वेळेसह, चावडीवर लावला जावा. आणि ज्यास बाहेर पडावयाचें असेल त्यानें वर्षाची नोटीस द्यावी, म्हणजे रुसव्याच्या भरांत कोणाचें गांव उघडें पडणार नाहीं.

व्यापाऱ्यांनींही नुसतें नगरपालिकेकडे बोट दाखवून भागणार नाहीं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानें आपल्या इमारतींतील साधनें चालू ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांवर टाकलेली आहे. गंजलेली नळी भिंतीवर टांगून ठेवणाऱ्यानें शेजारगांवच्या बंबाची वाट पाहावी, हें न्यायाचें नव्हे.

मुंबईच्या गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं झालेल्या स्फोटांत आग विझवितांना साहासष्ट अग्निशामक जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून आठवडाभर देशांत अग्निशमन सप्ताह पाळला जातो. हारतुरे व भाषणें यांनीं तो साजरा होतोच. आमची सूचना एवढीच कीं, यंदाच्या सप्ताहांत शेजारशेजारच्या दोन नगरपालिकांनीं आपले बंब एकमेकांच्या गांवांत न्यावे आणि आपली नळी त्यांच्या नळास लावून पाहावी. पाणी आलें तर करार लिहावयास बसावें. आटे जुळले नाहींत, तर तेंही त्याच दिवशीं कळेल; आणि तें दुरुस्त करावयास सुतारलोहाराचे दोन दिवस पुरतील. आगीच्या रात्रीं तेवढे दोन दिवस कोणीच उसने देत नाहीं.