जपानचे जुने व्हिडिओ गेम : ऐब सांगून विकला जाणारा माल

कापडाच्या धंद्यात फ्रेश माल, सेकंड माल आणि चिंधी यांचे भाव वेगवेगळे असतात, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. जपानमध्ये जुन्या व्हिडिओ गेमचा धंदाही याच हिशोबाने चालतो. आम्ही आधी याला पोरखेळ समजत होतो. पण तो धंदा समजून घेण्यासारखा आहे.

निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हे यंत्र 14,800 येनला बाजारात आणले. 1990 नंतर आपल्या बाजारात जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, त्यांतले पुष्कळ या यंत्राचीच नक्कल होते. आज जगभरचे शौकीन असली जपानी माल शोधतात. काही खेळ वर्षानुवर्षे फक्त जपानीतच होते. 'सेइकेन देन्सेत्सु 3' हा खेळ 1995 साली निघाला. त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती 2019 साली आली. शिवाय जपानी कार्ट्रिज अमेरिकन कार्ट्रिजपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. 2024 मध्ये एका डॉलरला 160 येन मिळू लागले, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाला हा माल आणखी स्वस्त झाला.

टोकियोच्या अकिहाबारा भागात अशा मालाची दुकाने आहेत. नुसत्या कार्ट्रिजचा भाव वेगळा, पुठ्ठ्याचा डबा आणि माहितीपुस्तिका सोबत असेल तर वेगळा. पोरांनी फेकून दिलेल्या डब्यालाच आज खरी किंमत! बिघडलेला किंवा न तपासलेला माल 'जंक' अशी चिठ्ठी लावून विकतात. घेणाऱ्याला आधीच ठाऊक असते की परतावा नाही.

घेताना काही गोष्टी पाहाव्यात. फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला 60 पिना असतात, अमेरिकन यंत्राच्या कार्ट्रिजला 72. एकाचे दुसऱ्यात थेट बसत नाही. ज्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद राहते, तिच्यात बहुधा छोटी बॅटरी असते. ती संपली की नोंद गेली. नकली मालही फिरतो, म्हणून अनोळखी माणसाकडून महाग नग घेण्याआधी आतल्या पट्टीचा फोटो मागावा.

आमच्या भाच्याने जपानहून फॅमिकॉम आणला आणि पिन बदलून घरच्या प्लगला लावला. जपानची वीज 100 व्होल्ट, आपली 230. अडॅप्टर जळून गेला. पुढे त्याने यंत्र विकायला काढले, तेव्हा एक दलाल म्हणाला, "जळाल्याचे कशाला सांगता? नवा अडॅप्टर जोडून द्या." आम्ही भाच्याला खरे ते लिहायला लावले. भाव खूप कमी आला, भाचा दोन दिवस बोलला नाही. पण घेणाऱ्याने यंत्र उघडून तपासले, ठेवून घेतले आणि पुढच्या महिन्यात त्याच्याकडची कार्ट्रिजेही मागितली.

ठाणात डाग असेल तर तो घडीच्या आत लपवू नये. डागाचा भाव एकदा कमी होतो, भरोशाचा भाव कायमचा जातो.