प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि मूत्रनियंत्रण : आधी काय सांगता येते?

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, हिचा कर्करोग ग्रंथीपुरताच मर्यादित असताना लक्षात आला, तर ती ग्रंथी समूळ काढून टाकणे हा रोगमुक्तीचा एक प्रस्थापित मार्ग आहे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळताच रुग्णाच्या मनात प्रश्न उभा राहतो, 'लघवी ताब्यात राहील ना?' संकोचामुळे तो पुष्कळदा विचारला जात नाही. काही जण या धास्तीने उपचारच टाळतात, तर काही जण काहीही न विचारता शस्त्रक्रिया करून घेतात व नंतर खचतात. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'प्रोस्टेटचे ऑपरेशन' या नावाखाली आपल्याकडे दोन निरनिराळ्या शस्त्रक्रिया ओळखल्या जातात. वयोमानाने वाढलेल्या ग्रंथीचा आतील भाग दुर्बिणीतून खरवडून काढतात, तेव्हा बाहेरील कवच जागेवरच राहते आणि कायमची गळती क्वचितच उद्भवते. कर्करोगात मात्र संपूर्ण ग्रंथी काढली जाते. शेजाऱ्याचा अनुभव आपल्याला लागू करण्यापूर्वी त्याची शस्त्रक्रिया कोणती होती, हे विचारावे.

गळती का होते?

तापीवरील हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. मूत्राशयाला निसर्गाने दोनच दिले आहेत. पहिला मूत्राशयाच्या मुखाशी, तर दुसरा ग्रंथीच्या खाली मूत्रमार्गाभोवती असलेल्या स्नायूंचा. ग्रंथी काढताना पहिल्याचे कार्य बहुतांशी संपते आणि सर्व भार दुसऱ्यावर येतो. त्यामुळे खोकताना, शिंकताना, उठताना किंवा ओझे उचलताना थेंब गळतात.

अंदाज कशावरून बांधतात?

वय, स्थूलपणा, पूर्वी झालेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आधीपासून असलेली मूत्राची तक्रार या बाबी प्रथम पाहिल्या जातात. एमआरआय तपासणीत ग्रंथीखालील मूत्रमार्गाची लांबी मोजता येते. ती सरासरी 14 मिलिमीटरच्या आसपास असते. मात्र व्यक्तीव्यक्तींत बराच फरक आढळतो. ही लांबी जितकी अधिक, तितके नियंत्रण लवकर परतण्याची शक्यता अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्याखेरीज शल्यचिकित्सकाचा अनुभव आणि ग्रंथीलगतच्या नसा वाचवता येणे, हेही महत्त्वाचे ठरते. नसा वाचवण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 मध्ये प्रथम अवलंबिली.

तथापि, हे सर्व घटक एकत्र करूनही अचूक भविष्य वर्तवता येत नाही. 'तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी साधारण इतके' एवढेच डॉक्टर सांगू शकतात. त्या शंभरांत आपण कोठे असू, हे आधी कळत नाही.

ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या गटात उपचारापूर्वी शंभरात एक जण पॅड वापरत होता. सहा महिन्यांनी हे प्रमाण 46 झाले आणि सहा वर्षांनी 17 वर आले. म्हणजे आरंभीची गळती अनेकांत पुढे थांबते; परंतु काहींत ती टिकून राहते, हेही तितकेच खरे.

रुग्णाच्या हाती काय आहे?

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये स्त्रियांसाठी मांडले. आज ते पुरुषांनाही शिकवले जातात. गुदद्वारातून वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच काही क्षण आवळून सैल सोडावयाचे असतात. त्या वेळी श्वास रोखू नये व पोट ताणू नये. शस्त्रक्रियेपूर्वीच ते शिकून घेणे इष्ट. नंतर लघवीची नळी असेपर्यंत ते बंद ठेवावेत व नळी काढल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करावेत. वजन आटोक्यात ठेवावे, धूम्रपान सोडावे, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये.

गळतीच्या भीतीने पाणी तोडणे मात्र घातक. गडद झालेल्या मूत्राने मूत्राशयाचा दाह वाढू शकतो. शिवाय खानदेशातील वैशाखाच्या उन्हात पाणी कमी पिणे जिवावर बेतू शकते. चहा-कॉफी कमी करावी, पाणी नव्हे.

सुधारणा बहुधा पहिल्या वर्षात होते. त्यानंतरही त्रासदायक गळती राहिल्यास मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते. कृत्रिम झडप 1970 च्या दशकापासून वापरात असून ती खर्चिक आहे.

संमतीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

1. माझ्या बाबतीत शस्त्रक्रिया, किरणोपचार की केवळ नियमित देखरेख, यांपैकी काय योग्य?
2. माझ्या वयाच्या व प्रकृतीच्या रुग्णांत वर्षभरानंतर किती जणांना पॅड लागतो?
3. आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?
4. व्यायाम कोण शिकवील व केव्हापासून?

घरातील मंडळींनीही हे जाणून घ्यावे. वडील लग्नकार्याला येण्याचे टाळू लागले, एसटीचा प्रवास नको म्हणू लागले, तर तो केवळ वयाचा परिणाम नसून न सांगितलेली गळती असू शकते. अशा वेळी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून त्यांना डॉक्टरांकडे आणावे. ही लाज बाळगण्याची नव्हे, तर उपचार करण्याची बाब आहे.