चेहऱ्याला पुरेल एवढंच

औषधांच्या दुकानात हल्ली सर्दीखोकल्याच्या औषधांआधी सीरमच्या बाटल्या नजरेस पडतात. मोबाइलवर कुणीतरी दहा पायऱ्यांचं रुटीन शिकवत असतं आणि घरात आजी म्हणते, आम्ही आयुष्यभर बेसन नि साय लावली, आमचं काय बिघडलं? दोन्हीकडून आग्रह एकच, चेहऱ्यावर काहीतरी चढवा. निरोगी त्वचेला रोज लागतात त्या गोष्टी तीनच: सौम्य धुणं, ओलावा धरून ठेवणारं काहीतरी आणि दिवसा उन्हापासून आडोसा. त्वचेच्या प्रकारानुसार या तिन्हींचं रूप बदलतं, संख्या वाढत नाही.

घोटाळा सुरू होतो तो प्रकार ओळखण्यापासून. दुपारी नाकावर चकाकी दिसली की आपण स्वतःला तेलकट ठरवून मोकळे होतो. त्यापेक्षा एखाद्या सुट्टीच्या सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि काहीही न लावता तासभर थांबा. चेहरा ओढल्यासारखा झाला, पापुद्रे दिसले, तर त्वचा कोरडी. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चमकली आणि गाल मात्र ओढले गेले तर मिश्र. विशेष काहीच जाणवलं नाही तर सामान्य, आणि तुम्ही नशीबवान. ‘संवेदनशील’ हा खरं तर वेगळा प्रकार नव्हे, तो स्वभाव आहे. तेलकट त्वचाही चटकन चुरचुरणारी, लाल होणारी असू शकते. शिवाय हा निकाल कायमचा नसतो. पुण्यातल्या डिसेंबरात कोरडी वाटणारी त्वचा मुंबईच्या जूनमध्ये तुपाळ होते. वय, गरोदरपण, चालू असलेली औषधं यांनीही चित्र पालटतं. त्वचेच्या रंगाचा या वर्गवारीशी काही संबंध नाही.

‘तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल तैलग्रंथींतून येतं. ओलावा म्हणजे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातलं पाणी. वर तेल आणि खाली कोरडेपणा असं एकाच चेहऱ्यावर असू शकतं, विशेषतः मुरमांवरची औषधं चालू असताना. अशा त्वचेला जेलसारखं हलकं, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रंध्रं न बुजवणारं) लिहिलेलं मॉइश्चरायझर पुरतं. कोरड्या त्वचेला घट्ट क्रीम हवं, आणि तेही आंघोळीनंतर अंग दमट असतानाच. स्वस्तातलं ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली हे या कामातले जुने, भरवशाचे गडी आहेत. किमतीवरून गुण ठरवायचा तर मात्र निराशा होईल. भरपूर पाणी प्यायल्याने कोरडी त्वचा भिजते, ही समजूतही अशीच. पाणी प्यावंच, पण फुटलेल्या टाचेपर्यंत ते आपलं आपण पोचत नाही.

धुण्याचंही तसंच. तेल जातं म्हणून दिवसातून पाच वेळा साबण लावणारे आहेत. तैलग्रंथी हार्मोनांच्या तालावर चालतात, धुतल्याने त्या बंद पडत नाहीत. बिघडतं ते वरचं कवच. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. वेष्टनावरचा ‘टीएफएम’ आकडा पाहून साबण निवडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ७६ टक्के किंवा जास्त टीएफएम म्हणजे पहिल्या श्रेणीचा साबण हे खरं. पण तो आकडा साबणातल्या स्निग्धांशाचा आहे, सौम्यपणाचा नव्हे. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर त्वचेवर मागे राहतो आणि कोरडेपणात भर पडते. तिथे साबणाऐवजी सौम्य फेसवॉश बरा. सकाळ-संध्याकाळ दोनदा, आणि घाम आला तर एकदा अधिक, एवढं पुष्कळ.

‘घरचं म्हणजे निर्धोक’ या समजुतीला आमच्याकडे फार मान आहे. दिवाळीच्या पहाटे उटणं लावायला कुणाचीच ना नाही. पण तेच भरड पीठ रोज घासलं की मुरमं चिघळतात आणि त्यांचे डाग राहतात. लिंबाचं तर नावच काढू नका. त्याच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे त्वचेच्या मानाने जहाल. वर लिंबाच्या जातीच्या फळांतली काही द्रव्यं उन्हाशी गाठ पडली की भाजल्यासारखे फोड उठवतात, आणि मागे महिनोन्‌महिने काळपट डाग ठेवतात. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने नवा डाग दिलेला, असं ते होतं. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम. मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला ते रंध्रं बुजवणारं. कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्या असतील तर आधी केसांच्या तेलाकडे पाहा. वाफेने रंध्रं ‘उघडतात’ हेही खरं नाही, कारण उघडझाप करायला त्यांना स्नायूच नसतात.

सनस्क्रीनबद्दल आपल्याकडचा सर्वांत पक्का समज असा, की ते गोऱ्यांसाठी आहे, आपण मुळातच सावळे. यात अर्धं तथ्य आहे. मेलॅनिनमुळे आपली त्वचा गोऱ्यांसारखी पटकन होरपळत नाही, त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही कमी असतो. पण हेच मेलॅनिन थोड्याशा चिथावणीने उसळतं. म्हणून मुरूम जातो आणि डाग राहतो, म्हणून चाळिशीच्या आसपास गालांवर वांग उतरतात. अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीए’ खिडकीच्या काचेतून आत येतात; वांग असणाऱ्यांना तर साधा दृश्य प्रकाशही पुरतो. त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन निवडावं. बाकीच्यांनी एसपीएफच्या आकड्यांमागे धावू नये. ३० एसपीएफ साधारण ९७ टक्के ‘यूव्हीबी’ किरण अडवतं, ५० एसपीएफ ९८ टक्के. फरक पडतो तो मात्रेने. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांबीभर पट्टी, एवढं लागतं. आपण लावतो वाटाण्याएवढं. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. तेलकट त्वचेला जेलचं, कोरडीला क्रीमचं. उन्हात राबणाऱ्या माणसाने टोपी, स्कार्फ, पूर्ण बाह्या वापरल्या तरी अर्धी लढाई तिथेच होते.

या तिन्हींनंतर एखादं सीरम लावायचंच असेल तर एका वेळी एकच, आणि दीड-दोन महिने धीर धरून. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला तरुणपणीही महिनाभर लागतो. आठ दिवसांत ‘ग्लो’ देणाऱ्या क्रीमचा म्हणूनच संशय घ्यायचा. रेटिनॉल असलेलं सीरम गरोदरपणात टाळावं.

आठ दिवसांत उजळवणाऱ्या क्रीममध्ये बरेचदा असतं काय? एक तर पारा, आणि तो मूत्रपिंडं बिघडवू शकतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एकच दुर्मीळ उपप्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यावरच राहतं असं मानणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

दुसरं म्हणजे स्टिरॉइड. खाज किंवा गजकर्णासाठी मिळालेली ट्यूब शेजारीण, मावशी, मैत्रीण असा प्रवास करत चेहऱ्यावर येते. पहिले काही दिवस त्वचा खरोखर उजळते, मऊ होते. तिथेच माणूस फसतो. मग ती पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरमांचं पीक येतं, बायकांच्या गालांवर लव वाढते, ऊन सोसेनासं होतं. क्रीम थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच क्रीम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं अनुसूची एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानात ती तरीही मागून मिळतात, हे ज्याने मागितली त्याला ठाऊक आहे. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. आणि महिनोन्‌महिने लावत असाल तर आज ते फेकून देऊन मोकळे होऊ नका; ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कारण ते एकदम थांबवलं की त्वचा उलटते आणि ते हळूहळू सोडावं लागतं.