दोन वर्षांचं मूल, ताम्हिणी घाट आणि बाणकोटची खाडी

दोन वर्षांच्या मुलाला देखाव्याचं काही पडलेलं नसतं. डोळे त्याचे तीक्ष्ण असतात, रस्त्यापलीकडच्या गोठ्यातलं वासरू त्याला आपल्या आधी दिसतं. पण ‘काय सुंदर दरी आहे बघ’ असं म्हटलं की ते आपल्या बोटाकडे बघतं, दरीकडे नाही. शिवाय मागच्या सीटवर ते ज्या उंचीला बसलेलं असतं तिथून खिडकीत दिसतं काय, तर आभाळ, विजेच्या तारा आणि झाडांचे शेंडे. म्हणून लहान मुलाला घेऊन निसर्गरम्य रस्त्याने जायचं ठरलं की एक वाटणी आधीच करून टाकावी: चालत्या गाडीतला देखावा आईबापांचा, थांब्यावरचा मुलाचा. बाकीचं नियोजन म्हणजे या दोन वाट्यांना एकमेकांच्या आड येऊ न देणं.

ही वाटणी करून बघायला पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि मग बाणकोटची खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले, दापोली हा रस्ता फार सोयीचा आहे. धरण, घाट, समुद्र, खाडी सगळं एका वाटेवर. आणि मुख्य म्हणजे हा रस्ता सलग नाही. रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. चार दशकं उलटली तरी दिघी–आगरदांडा, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या ठिकाणी गाडी जंगलजेट्टीवर चढवूनच पलीकडे जाण्याची सवय लोकांना आहे. पूल व्हायलाच हवेत. रात्री पेशंट घेऊन खाडीकाठी उभ्या राहिलेल्या माणसाला फेरीबोटीचं कौतुक सांगून उपयोग नाही. पण चिमुरडं घेऊन फिरणाऱ्याला ही तुटक वाट मानवते. मोठा सुसाट रस्ता थांबू देत नाही, आणि या वयाच्या मुलाला तर थांबणंच हवं असतं.

आता वेळेचं बघू. पुणे ते दिवेआगर साधारण १६० किलोमीटर. मोबाइलचा नकाशा चार-साडेचार तास सांगतो. त्याची दीडपट धरा, म्हणजे सहा-साडेसहा तास. शू, दूध, सांडलेलं दूध, बदललेले कपडे, ‘खाली उतरायचंय’ हे सगळं त्यात येतं. दर दीड-दोन तासांनी मुलाला सीटमधून काढून दहा-पंधरा मिनिटं मोकळं सोडायचं हे पक्कं ठेवावं, झोपलेलं असेल तर तेवढी सूट.

‘पहाटे तीनला निघू, पोर झोपेतच पोचेल’ हा सल्ला घरातलं कोणी ना कोणी देतंच. पोर झोपेल, पण गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरही नेमकी तेव्हाच झापड येते. पहाटेच्या अंधारात, अर्धवट झोपेत ताम्हिणी उतरण्यात कसलाच फायदा नाही. त्यापेक्षा सहाला निघावं. मुलाला अंथरुणातून उचलून तसंच सीटमध्ये बसवलं तर पौड येईपर्यंत ते पुन्हा पेंगायला लागतं. मुळशी धरणाच्या कडेचा रस्ता, पाण्यावरचं धुकं, पुढे निवे आणि ताम्हिणीची वळणं हा आपला वाटा. मागे शांतता असते तोवर तो घेऊन टाकावा. घाट उतरून विळ्याला आलं की जाग येईल. मग नाश्ता, आणि मुलाच्या वाट्याची पहिली गंमत: हॉटेलसमोरच्या कोंबड्या किंवा बाजूला उभा असलेला जेसीबी. माणगाव, म्हसळा करत दुपारी साडेबाराच्या आत दिवेआगर. जेवण आणि दुपारची झोप खोलीवर. दुपारची झोप गाडीतच होईल असं गृहीत धरणारे लोक संध्याकाळी समुद्रावर रडकं पोर कडेवर घेऊन उभे दिसतात.

मुलाने घाटात झोपावं असं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी लागणं सहसा दिसत नाही. दोन ते बारा या वयात त्याचा जोर असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय, गोल फिरतोय; डोळे मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात आणि सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळतं. झोपेत डोळे मिटलेले असल्याने भांडणातला एक पक्ष गप्प होतो. मोबाइलवर बडबडगीतं लावून दिली की हेच भांडण वाढतं, म्हणून घाटात मोबाइल बंद. या वयाचं मूल ‘मळमळतंय’ असं सांगत नाही. ते एकाएकी गप्प होतं, जांभया देतं, चेहरा पांढरा पडतो, तोंडात लाळ जमते. हे दिसलं की पुढच्या मोकळ्या जागी गाडी बाजूला घ्या, काच खाली करा. निघण्याआधी पोटभर दूध पाजू नये, रिकाम्या पोटीही नेऊ नये. एखादं केळं किंवा मेतकूट-भाताचे चार घास पुरतात. उलटीचं औषध मोठ्यांच्या गोळीतून अर्धी मोडून कधीच देऊ नये. यातली काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना धोकादायक आहेत, तेव्हा आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि चालकाला एक विनंती: वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. निम्म्या उलट्या त्यानेच टळतात.

उलटी झालीच तर काय लागतं? एक जुना टॉवेल, दोन कपड्यांचे जोड, ओले रुमाल, तोंड बांधता येईल अशा प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली. हे सगळं एका कापडी पिशवीत, आणि ती पिशवी मुलाशेजारी बसलेल्याच्या पायाशी. डिकीत, बॅगेच्या तळाशी, इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलेला टॉवेल घाटात कोणाच्याच कामाचा नसतो. दोन कपड्यांतला एक जोड त्या शेजारी बसणाऱ्याचा असावा, हे बहुतेक यादीत लिहायचं राहतं.

आता चाइल्ड सीट. या विषयावर आपल्याकडे आजीची मांडी हा शेवटचा शब्द असतो. आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून हिशेब मांडू. गाडी ताशी ५० किलोमीटरने जातेय आणि धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १२ किलोचं मूल पुढे झेपावतं ते १७० किलोच्या आसपासच्या ओढीने. इतकं वजन हातात धरून ठेवणं पैलवानालाही जमायचं नाही. कायदाही स्पष्ट आहे: २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. सीट मागच्या बाकावरच लावावी, आणि मूल सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेत असेल तोवर त्याचं तोंड मागच्या दिशेला ठेवावं. तोंड मागे असलेली सीट पुढच्या एअरबॅगसमोर तर कधीच नाही. गाडीत आयसोफिक्सचे हुक नसले तरी बऱ्याच सीट नेहमीच्या पट्ट्याने बसतात. भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर आपली सीट सोबत न्या. पट्टे इतके घट्ट हवेत की खांद्यावर चिमटीत पकडता येऊ नयेत. सवय नसेल तर पंधरा दिवस आधीपासून भाजी आणायला जातानाही सीटमध्येच बसवावं. ती पहिल्यांदा ताम्हिणीच्या दिवशी दाखवली तर मूल पौडपर्यंत आणि आईबाप माणगावपर्यंत घसा कोरडा करतात.

दिवेआगरला जेवणाची ददात नाही. घरगुती खानावळींत सकाळी फोन करून ‘मुलासाठी मऊ भात, बिनतिखटाचं वरण, वर तूप’ एवढं सांगितलं की काम झालं. मोदकही असेच आधी सांगावे लागतात, पण तो मोठ्यांचा प्रश्न. गाडीत खायला राजगिऱ्याची वडी, खाकरा, शिजवलेला रताळ्याचा तुकडा चालतो. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चालत्या गाडीत नकोत. घशात अडकलं तर मागे वळून बघेपर्यंत उशीर होतो.

किनाऱ्यावर जायची वेळ पंचांग बघून ठरवावी. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजेच्या सुमारास भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या आसपास भरती. म्हणजे संध्याकाळी मूल खेळायला नेलं तर पुळण अरुंद झालेली आणि लाटा पायाशी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भरती अकरा-बाराला, ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला: समोर घट्ट, ओली, सपाट वाळू आणि पाणी लांब. फावडं-बादलीवाल्यांसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. तासाभराचा फरक पडतो, म्हणून गावात विचारून खात्री करावी. रजा टाकतानाच तिथी बघितली तर उत्तम. उधाणाच्या त्या दिवसांत पाण्याला ओढ मात्र जास्त असते, तेव्हा खेळ वाळूवर.

दिवेआगरहून श्रीवर्धनला आरावी-शेखाडीमार्गे जाणारा रस्ता माझ्या मते महाराष्ट्रातला सर्वात देखणा छोटा रस्ता आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे थेट समुद्र, मध्ये अधूनमधून होड्या ओढून ठेवलेलं एखादं गाव. इथे झोपेची वाट बघू नका. इथला देखावा जवळचा आहे, मुलालाही कळतो. शेखाडीजवळ गाडी लावून मासे वाळत घातलेले दाखवा. हरिहरेश्वरला देऊळ करावं, मात्र खडकावरची प्रदक्षिणा मुलाला घेऊन करू नये. शेवाळलेला कातळ आणि अचानक येणारी लाट यांनी तिथे धडधाकट माणसं गेलेली आहेत.

मुलाच्या दृष्टीने अख्ख्या सहलीचा कळस म्हणजे बागमांडल्याचा धक्का. समोर सावित्रीचं रुंद पात्र, पलीकडे वेश्वी. बोट टेकते, लोखंडी फळी खणखणत उतरावर आपटते, आतल्या मोटारसायकली धूर सोडत बाहेर पडतात, मग एसटीतून उतरल्यासारखी माणसं, टोपल्या, एखादी शेळी. शिट्टी वाजवणारा खलाशी हाताने इशारे करत गाड्या इंचाइंचाने लावून घेतो. मुलाला सीटमधून काढून कठड्यापासून दोन हात लांब, कडेवर घेऊन उभं राहावं. रांगेत थांबताना किंवा बोटीवर ‘पाचच मिनिटं’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवू नये. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं. बोटीच्या वेळा हवेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून सकाळीच चौकशी करावी. शेवटची बोट चुकली तर आंबेत–म्हाप्रळचा लांबचा वळसा पदरात पडतो, तोही नेमका मुलाच्या जेवणाच्या वेळी.

पलीकडे लगेच वेळास, नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ते आता जास्त ओळखलं जातं; चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांबरोबर अंडी राखण्याचं काम उभं केलं. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सकाळी आणि संध्याकाळी पिल्लं समुद्रात सोडतात. तळहाताएवढं कासव वाळूत वल्ही मारत जाताना बघायला दोन वर्षांची व्यक्ती अगदी योग्य उंचीची असते. पिल्लं निघतीलच याची हमी नाही, आणि दोरीमागे गप्प उभं राहण्याची हमी तर आपलं पोरही देत नाही. तरी मुक्काम इथेच करावा. केळशी, आंजर्ले, हर्णै पुढच्या दिवशी जमेल तसं. दोन ठिकाणं गाळली तरी मुलाला पत्ता लागत नाही.

कोकणात विंचू आहेत, हे सांगायलाच हवं. जांभ्याच्या गडग्यात, लाकडाच्या मोळीत, वाळत टाकलेल्या कपड्यांत ते असतात, आणि लहान मुलाला लाल विंचवाचं विष हृदयापर्यंत बाधू शकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तेव्हापासून असे मृत्यू खूप कमी झाले; त्यांना २०२२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. आपण करायचं एवढंच: चपला आणि पांघरूण झटकून घ्यावं, आणि डंख झालाच तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. श्रीवर्धन, माणगाव आणि दापोलीला सरकारी उपजिल्हा रुग्णालयं आहेत, रुग्णवाहिकेसाठी १०८. पिशवीत थर्मामीटर, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेतलेलं पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि मच्छरदाणी असावी. वापरलेले डायपर मात्र परत आणायचे. या गावांत कचऱ्याची गाडी रोज फिरत नाही, आणि वाळूत पुरलेलं पुढच्या उधाणाला वर येतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातली ताम्हिणी बघण्यासारखी असते, पण दरडी, धुकं आणि धबधब्यांखाली नाचणाऱ्यांची गर्दी बघता ती मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावर.

परतीचा दिवस सगळ्यात अवघड, कारण उत्साह संपलेला असतो आणि गाडीत वाळू असते. दापोलीहून पुणे एका दमात मारू नये. सकाळी लवकर निघून माणगावात जेवावं आणि उजेडात ताम्हिणी चढावी. आणि हे रविवारी करू नका. लांब सुट्टीनंतरच्या रविवारी संध्याकाळी माणगावच्या बाजारपेठेतून गाडी पुढे काढायलाच तास-दीड तास जातो, त्यापेक्षा सोमवारची रजा टाका.