अल्बानिया : साम्यवादाच्या अस्तानंतर स्वातंत्र्याचा अर्थ

१९९० साली अल्बानियात दहा वर्षांची असलेली मुले १९९७ मध्ये सतरा वर्षांची झाली. एवढ्या काळात त्यांच्यासाठी 'स्वातंत्र्य' या शब्दाचा अर्थ एकाहून अधिक वेळा बदलला.

एन्व्हर होजा यांनी १९४४ पासून १९८५ मध्ये निधन होईपर्यंत या देशावर एकहाती सत्ता गाजवली. १९६७ मध्ये धर्माचरणावर बंदी आली. खासगी मोटार बाळगण्यास मनाई होती. परवानगीविना देश सोडणे हा गंभीर गुन्हा मानला जाई. घराण्याच्या राजकीय पूर्वेतिहासाला 'बिओग्राफी' म्हणत. तो सदोष ठरल्यास उच्च शिक्षणाची दारे बंद होत. तरीही आपण जगातील सर्वांत स्वतंत्र समाज आहोत, असेच शाळेत शिकवले जाई.

डिसेंबर १९९० मध्ये राजधानी तिरानातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे बहुपक्षीय राजकारणास मान्यता मिळाली. २० फेब्रुवारी १९९१ रोजी जमावाने होजा यांचा पुतळा पाडला. आता स्वातंत्र्य म्हणजे देशाबाहेर जाण्याची मुभा, असा अर्थ तरुणांनी घेतला. ऑगस्ट १९९१ मध्ये सुमारे २० हजार लोक 'व्लोरा' या मालवाहू जहाजाने इटलीतील बारी बंदरात पोहोचले. त्यांपैकी बहुतेकांना परत पाठवण्यात आले. जाण्यावरील बंदी उठली होती, प्रवेशाचा हक्क मात्र मिळाला नव्हता.

१९९२ मध्ये सत्तांतर झाले आणि बाजारपेठ खुली झाली. कारखाने बंद पडून अनेकांचा रोजगार गेला. भरमसाट व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या योजनांत सुमारे दोनतृतीयांश लोकांनी पैसे गुंतवले. नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज देणाऱ्या या योजना १९९७ च्या प्रारंभी कोसळल्या. शस्त्रागारे लुटली गेली, सुमारे दोन हजार लोक मृत्युमुखी पडले. इटलीच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय फौज तैनात करावी लागली.

बंधन नसणे ही स्वातंत्र्याची पहिली पायरी असली, तरी केवळ तेवढ्याने ते हाती येत नाही. त्यासाठी विश्वासार्ह संस्था, सुरक्षित बचत आणि रोजगार लागतो, हे या पिढीने ऐन उमेदीच्या वयात अनुभवले. अल्बानियाच्या नागरिकांना युरोपातील शेंगेन क्षेत्रात अल्पकाळासाठी व्हिसाविना प्रवास करण्याची सवलत डिसेंबर २०१० मध्ये मिळाली. तोवर १९९० ची ती मुले तिशीत पोहोचली होती.